प्रार्थनेतील एकता आणि दफनभूमीतील भिंत

ख्रिस्ती उपासना पृथ्वीवरच्या आणि स्वर्गातल्या, सर्व भाषांच्या व वंशांच्या श्रद्धावंतांना एकाच सभेत बसवते. भारतात मात्र या सभेतील आसनव्यवस्था अनेकदा जातीने ठरवली आणि तिच्या मृतांची जागा न्यायालयांनी. प्रार्थनेतील वचन आणि समाजातील वस्तुस्थिती यांची गल्लत चर्चने केली, तशीच ती राज्यसंस्थेनेही केली आहे.

दरवर्षी २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मी दिल्लीतील एका कॅथलिक दफनभूमीत जातो. हा दिवस सर्व मृत श्रद्धावंतांच्या स्मरणाचा. माझा जन्म ख्रिस्ती कुटुंबातला नाही. पण ज्याच्याबरोबर मी वृत्तपत्राच्या कचेरीत बारा वर्षे शेजारच्या टेबलावर काम केले, तो माझा सहकारी तेथे विसावला आहे. त्याच्या कबरीवर एक मेणबत्ती लावायची आणि प्रार्थना संपेपर्यंत थांबायचे, हा माझा परिपाठ झाला आहे.

त्या संध्याकाळी तेथे जमणारा समुदाय पाहिला म्हणजे देशाचा नकाशाच कोणी जमिनीवर अंथरल्यासारखे वाटते. केरळमधल्या परिचारिका असतात, झारखंडहून घरकामासाठी राजधानीत आलेल्या उराँव आणि मुंडा मुली असतात, तमिळ कारकून, मंगळुरूचे निवृत्त बँक अधिकारी, मणिपूरचे विद्यार्थी आणि गोव्यातून दोन पिढ्यांपूर्वी आलेली कुटुंबे असतात. मिस्सा हिंदीत होतो. मात्र प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपापल्या भाषेत म्हणावी, असे धर्मगुरू सांगतात. मग एकच गलबला उठतो. प्रत्येक भाषेची लांबी वेगळी. त्यामुळे कोणी आधी थांबतो, कोणी मागून पोहोचतो. जे आधी संपवतात ते गप्प उभे राहतात आणि शेवटच्याची वाट पाहतात. ‘आमेन’ मात्र सगळे मिळून म्हणतात.

या उपासनेत एक क्षण असा येतो, की ज्याकडे बाहेरच्या माणसाचे सहसा लक्ष जात नाही. भाकर आणि द्राक्षारस यांवरील मुख्य प्रार्थना सुरू होताना धर्मगुरू सांगतात की, आता आपण देवदूत आणि संतजन यांच्या स्वरात आपला स्वर मिसळत आहोत. मग सभा ‘पवित्र’ हा शब्द तीनदा उच्चारून स्तुतिगान करते. यशया संदेष्ट्याच्या दर्शनातून आलेले हे गान रोमन, सुरियानी, अँग्लिकन आणि लुथेरन अशा बहुतेक सर्व परंपरांच्या उपासनेत आढळते. त्यामागची कल्पना धीट आहे. या घटकेला पृथ्वीवरची छोटीशी मंडळी एकटी नाही. तिच्या आधी होऊन गेलेले आणि दूरदेशी असलेले सगळे श्रद्धावंत याच सभेत हजर आहेत. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सिंहासनापुढे उभ्या असलेल्या अगणित समुदायाचे चित्र आहे. त्यात सर्व राष्ट्रांचे, वंशांचे आणि भाषांचे लोक आहेत. विश्वासांगीकारातील ‘पवित्र जनांची सहभागिता’ हे कलमही हेच सांगते. मृत्यूने माणूस या सभेतून वजा होत नाही.

ज्याच्या कबरीपाशी मी हे ऐकत उभा असतो, तो माझा सहकारी तमिळनाडूतील दलित ख्रिस्ती कुटुंबातला होता. त्याच्या गावातील दफनभूमीत जातीनुसार दोन भाग होते आणि मध्ये भिंत होती. त्याचे आजोबा भिंतीच्या पलीकडे पुरले गेले, वडीलही तेथेच. आजारपणात त्याने घरच्यांना बजावून ठेवले होते की, आपल्याला गावी नेऊ नये, दिल्लीतच मूठमाती द्यावी. परक्या शहरात माणूस गावची माती मागतो. याने मात्र गावाची माती नाकारली, कारण तिथे आपली जागा कोणी आणि का ठरवून ठेवली आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. येथे त्याच्या एका बाजूला कोट्टायमचा शिक्षक आहे, दुसऱ्या बाजूला रांचीची एक वृद्धा.

त्याच्या या शेवटच्या इच्छेने मला जो प्रश्न दिला, तो धर्मशास्त्राचा असला तरी त्याचे टोक थेट आपल्या राज्यघटनेपर्यंत पोहोचते. उपासनेत उच्चारलेल्या एकतेला आपण काय समजायचे? ते घडलेल्या गोष्टीचे वर्णन आहे, की घडवण्याची जबाबदारी?

इतिहासात या प्रश्नाचे दोन्ही प्रकारचे उत्तर सापडते. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे, तिरुनेलवेली भागात वडक्कनकुळम नावाचे गाव आहे. तेथील चर्चमध्ये वेळाळ आणि नाडार या दोन जातींचे श्रद्धावंत एकत्र बसायला तयार नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर वास्तुशास्त्रीय तोडगा निघाला. वेदी एक ठेवली आणि तिच्यापासून दोन स्वतंत्र दालने फुटतील अशी इमारत बांधली. दोन्हीकडच्या लोकांना धर्मगुरू दिसावा, पण एकमेकांची तोंडे दिसू नयेत, अशी ही योजना. विजारीच्या दोन पायांसारख्या आकारामुळे त्या चर्चला तसेच टोपणनावही पडले. १९१० मध्ये आतील विभाजन काढून टाकण्यात आले, तेव्हा वेळाळांनी आपला ‘हक्क’ बुडाला म्हणून न्यायालयात धाव घेतली. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि चर्चमध्ये जातीच्या आधारे वेगळे बसण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही.

हा अपवाद नव्हता. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील मंडळ्यांना जातिभेद तत्काळ व कायमचा सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेक कुटुंबांनी मंडळी सोडली, जात सोडली नाही. तंजावरचे विख्यात ख्रिस्ती कवी वेदनायकम शास्त्री यांच्यासारखा प्रतिभावंतही जातिव्यवहाराच्या बाजूने उभा राहिला. मराठी वाचकांना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आठवतील. मी ते पुस्तक भाषांतरातून वाचले. त्यात एका ब्राह्मण स्त्रीने आपल्या मनातील सोवळे कसे सुटत गेले, हे ज्या निखळ प्रामाणिकपणाने सांगितले आहे, तो प्रामाणिकपणा चर्चच्या अधिकृत इतिहासांत क्वचित दिसतो. सोवळे बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपोआप धुऊन जात नाही, हे त्या पुस्तकाइतके सरळ दुसऱ्या कोणी सांगितलेले मला माहीत नाही.

दुसऱ्या बाजूला, उपासनेतील वचन गांभीर्याने घेणारी माणसेही याच भूमीत झाली. १९१९ च्या मे महिन्यात तरंगंबाडी येथे निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांचे धर्मसेवक जमले. त्यांतले जवळजवळ सगळे भारतीय होते. युरोपातील भांडणांतून जन्मलेले पंथभेद आपल्या माथी मारले गेले आहेत आणि ते आपले नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्यात अग्रणी होते वेदनायकम सॅम्युएल अझरिया. १९१२ मध्ये ते अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप झाले होते. तेलुगू प्रदेशातील त्यांच्या दोर्नकल धर्मप्रांतातील बहुसंख्य श्रद्धावंत माला आणि मादिगा या दलित जातींतले होते. या दोन जातींमधले अंतरही सोपे नव्हते. एकाच ताटातली भाकर आणि एकाच प्याल्यातला द्राक्षारस यांचा अर्थ तेथे पुस्तकी राहूच शकत नव्हता.

अझरिया १९४५ च्या पहिल्या दिवशी वारले. त्यांनी ज्यासाठी पाव शतक खटपट केली, ते ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्जेस कथीड्रलमध्ये अस्तित्वात आले. देशाची फाळणी होऊन सहा आठवडे झाले होते आणि पंजाब जळत होता. त्याच वेळी अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरांचे लोक एकाच संस्थेत विलीन होत होते. बिशप मानणारे आणि न मानणारे यांचा असा संगम त्यापूर्वी जगात कोठे झाला नव्हता. १९७० मध्ये नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, तेव्हा तर सहा संघटना एकत्र आल्या. त्यांत बालकांना बाप्तिस्मा देणारे होते आणि फक्त प्रौढांनाच देणारेही. दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये नांदतील असे ठरले.

दक्षिणेतील या नव्या चर्चने १९५० मध्ये उपासनाविधी तयार केला. त्यातील दोन गोष्टी मला विशेष बोलक्या वाटतात. धर्मसेवकाने मेजामागे, लोकांकडे तोंड करून उभे राहावे, असे त्यात सुचवले होते. रोमन कॅथलिक जगात ही पद्धत त्यानंतर दीड दशकाने सर्वत्र रूढ झाली. दुसरी गोष्ट शांतिदानाची. केरळच्या प्राचीन सुरियानी परंपरेतून घेतलेल्या या विधीत धर्मसेवक आपले तळहात दुसऱ्याच्या तळहातांत देतो, तो पुढच्याला, आणि ती शांती हातोहात शेवटच्या बाकापर्यंत जाते. ज्या समाजात स्पर्श हाच विटाळ होता, तेथे प्रभुभोजनाआधी शेजाऱ्याचा हात हातात घेणे भाग पाडणारा हा विधी होता. घटना अस्पृश्यता नष्ट करत होती त्याच वर्षी एक उपासनाग्रंथ स्पर्शाला प्रार्थनेचा भाग बनवत होता. हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो.

परंतु विधी कितीही सुंदर असला, तरी तो करणाऱ्या हातांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर भागातील कॅथलिक दफनभूमीत जातींना विभागणारी भिंत दीर्घकाळ आंदोलनांचा विषय राहिली आहे. तमिळनाडूतीलच एरैयूर गावात दलित कॅथलिकांनी वेगळ्या धर्मग्रामाची मागणी केली. मार्च २००८ मध्ये तेथे वन्नियार आणि दलित श्रद्धावंतांमध्ये संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा बळी गेला. दोन्ही बाजूंचे लोक एकाच मातेच्या मूर्तीपुढे हात जोडणारे होते. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद आहे, अशी लेखी कबुली दिली. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण किती उशिरा!

जात हेच एकमेव कारण नाही. केरळमध्ये ऑर्थोडॉक्स आणि जॅकोबाइट या दोन गटांत जातीचा भेद नाही, भाषेचा नाही, उपासनेतील शब्दांचाही जवळजवळ नाही. भांडण आहे ते अधिकाराचे. ३ जुलै २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अनेक चर्चांचा ताबा ऑर्थोडॉक्स गटाकडे जाणे क्रमप्राप्त झाले आणि मग प्रश्न उभा राहिला तो मेलेल्यांचा. जॅकोबाइट कुटुंबांना पूर्वजांच्या शेजारी, पण आपल्याच धर्मगुरूच्या हातून मूठमाती हवी होती. काही मृतदेह दिवसेंदिवस तिष्ठत राहिले. शेवटी २०२० मध्ये राज्य सरकारला ख्रिस्ती दफनभूमीतील दफनाच्या हक्काचा कायदा करावा लागला. गट कोणताही असो, पूर्वज जेथे विसावले त्या दफनभूमीत जागा मिळेल; प्रार्थना मात्र हवी तर अन्यत्र, आपल्या पसंतीच्या धर्मगुरूकडून करून घ्यावी, असा त्याचा आशय आहे. म्हणजे देहाला फाटकातून आत जाण्याची वाट कायद्याने मोकळी केली आणि प्रार्थना बाहेर राहिली. स्वर्गातील व पृथ्वीवरील सभेची एकता दररोज गाणाऱ्या लोकांना मृतांच्या बाबतीत विधानसभेकडे जावे लागले, याहून बोचरी टीका कोणा विरोधकालाही करता आली नसती.

येथपर्यंतचा दोष चर्चच्या पदरात आहे. परंतु छत्तीसगडमधील प्रकरण वेगळे आहे. जानेवारी २०२५ मध्ये बस्तरमधील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा मृत्यू झाला. गावाने त्याच्या दफनाला विरोध केला. मुलाने उच्च न्यायालय आणि मग सर्वोच्च न्यायालय गाठले. तोवर मृतदेह शवागारात होता. जवळजवळ तीन आठवड्यांनी, २७ जानेवारीला, दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने भिन्न निकाल दिले. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफनाला मुभा द्यावी असे म्हटले; न्यायमूर्ती शर्मा यांनी ख्रिस्ती लोकांसाठी राखलेल्या दूरच्या दफनभूमीचा पर्याय योग्य मानला. मृतदेह आणखी खोळंबू नये म्हणून प्रकरण मोठ्या पीठाकडे न पाठवता त्या राखीव दफनभूमीतच दफन करण्याचा आदेश दोघांनी मिळून दिला. ती गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर होती. न्यायालयाची अडचण समजण्याजोगी आहे. पण ज्या गावात माणूस जन्मला आणि ज्या गावात त्याचे वाडवडील पुरले गेले, त्या गावाच्या वेशीबाहेर त्याला न्यावे लागले, हे सत्य त्याने बदलत नाही.

घटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत दफनभूमी आणि स्मशानभूमी हा विषय स्पष्टपणे नमूद आहे. म्हणजे जबाबदारी राज्यांची आहे आणि प्रत्यक्षात ती ग्रामपंचायतींवर येऊन पडते. गावातील अल्पसंख्य कुटुंबाला बहुसंख्याकांच्या मर्जीवर सोडायचे नसेल, तर प्रत्येक समाजाच्या दफनाची सोय कोठे आहे याची नोंद आधीच करून ठेवणे, जेथे ती नाही तेथे जागा निश्चित करणे आणि वाद झाल्यास ठरावीक तासांत निर्णय देणारा अधिकारी नेमणे, एवढे तर कोणतेही राज्य करू शकते. त्यासाठी धर्मशास्त्राच्या वादात शिरण्याची गरज नाही. माणूस मेल्यानंतर नियम शोधायला लागणे, हीच मूळ चूक आहे.

राज्यसंस्थेची दुसरी चूक अधिक खोल आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा विशिष्ट धर्माशी जोडला गेला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले. ख्रिस्ती आणि मुस्लीम बाहेर राहिले. युक्तिवाद असा की, ख्रिस्ती धर्म जात मानत नाही, म्हणून ख्रिस्ती माणसाला जात नाही. १९८५ च्या सूसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, धर्मांतरानंतरही त्या व्यक्तीला तितक्याच तीव्रतेच्या सामाजिक अवहेलनेला तोंड द्यावे लागते हे दाखवणारा पुरावा मागितला. न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला.

या मागणीवरचे आक्षेप पोकळ आहेत असे मी म्हणणार नाही. राखीव जागा मर्यादित आहेत आणि वाटेकरी वाढले की आधीच्यांच्या वाट्याला कमी येते, ही भीती खरी आहे. चर्चच्या शाळा-महाविद्यालयांचा लाभ काही प्रमाणात मिळालेल्यांना आणखी सवलत का, हाही प्रश्न विचारला जातो. डॉ. आंबेडकरांनी तर भारतीय ख्रिस्ती समाजाने जात पोटाशी धरली म्हणून त्याच्यावर कठोर टीका केली होती. घरातला विटाळ न काढता सरकारकडे भरपाई मागणे शोभत नाही, असे आज कोणी म्हणाले तर त्याला उत्तर देणे चर्चला सोपे जाणार नाही.

तरीही मूळ युक्तिवाद तर्काला धरून नाही. शीख धर्म जात मानत नाही, बौद्ध धर्मही मानत नाही. तेथे आपण ग्रंथाऐवजी गावाकडे पाहिले आणि ते योग्यच केले. ख्रिस्ती माणसाबाबत मात्र राज्यसंस्था त्याची प्रार्थनाच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी करते. तू रविवारी म्हणतोस ना की सगळे एक आहेत? मग सोमवारी तुला जात कशी? उपासना हे प्रतिज्ञापत्र नव्हे. ज्या माणसाला भिंतीपलीकडे पुरले जाते, त्याला त्या भिंतीची उंची विचारायला हवी. दलित ख्रिस्तींना दर्जा द्यावा की नाही याचा निर्णय संसदेने जरूर घ्यावा. पण तो पाहणीच्या आणि पुराव्याच्या आधारे घ्यावा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ७८ लाख ख्रिस्ती आहेत, लोकसंख्येच्या २.३ टक्के. त्यांच्यात जात कोणत्या रूपात जिवंत आहे, हे मोजणे अशक्य नाही.

आणि चर्चने? त्याने आपली प्रार्थना ढाल म्हणून वापरणे थांबवावे. आमच्यात जात नाही, असे व्यासपीठावरून सांगायचे आणि आयोगापुढे जातीचा पुरावा द्यायचा, हे फार काळ चालणार नाही. भिंती पाडायला संसदेच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. बिशपची सही आणि चार पहारी पुरतात. वडक्कनकुळममध्ये ते एका शतकापूर्वी करून दाखवले गेले आहे.

गेल्या २ नोव्हेंबरला मिस्सा संपल्यावर अंधार पडला होता. वारा सुटला आणि बऱ्याच मेणबत्त्या विझल्या. तेथे अशा वेळी एक रीत आपोआप पाळली जाते. ज्याची जळते आहे तो शेजारच्या कबरीवरची पेटवून देतो. ती कोणाची, कोणत्या भाषेची, हे विचारत नाही. माझ्या मित्राची मेणबत्ती झारखंडच्या एका मुलीने पेटवली. ती आपल्या आजीच्या कबरीपाशी उभी होती. मी मग पलीकडच्या शिक्षकाची पेटवली. शांतिदानाचा तो हातोहात जाणारा विधी मला आठवला. जिवंत आणि मृत यांची एक सभा असते की नाही, हे मला माहीत नाही. पण ती असावी असे ज्यांना वाटते, त्यांनी तिची तयारी कोठून करायची, हे त्या मातीत मला दर वर्षी दिसते.